अकरा गुणांची भीती

“भयनिर्मिती : शून्य. शेवट : पहिल्याच पानावर कळतो. बोली : प्रहसनास योग्य. बाजारमूल्य : नगण्य. एकूण गुण : शंभरपैकी अकरा.”

पश्चिम वऱ्हाड पटकथा प्रोत्साहन मंडळाने ‘पाचवा गिलास’ या मानसशास्त्रीय थरारपटाच्या पटकथेविषयी हा निकाल अधिकृतपणे कळवला. खाली सही होती खुशालराव म्हैसने यांची: मुक्काम अकोला, ज्येष्ठ परीक्षक, ‘मराठीतील भयरसाचा अभाव’ या चारशे पानी ग्रंथाचे कर्ते.

दुसरी परीक्षक मी. मी एक्याण्णव गुण दिले होते. सरासरी झाली एक्कावन्न आणि उत्तीर्णतेची रेषा साठावर. मंडळाच्या नियमावलीनुसार एकदा नापास झालेली पटकथा पुन्हा कधीही सादर करता येत नाही. परीक्षकाने स्वहस्ते चूक लिहून दिली तरच त्याचे गुण रद्द होतात. हरकतीला मुदत पंधरा दिवसांची. त्यांतले बारा दिवस मंडळाने निकाल कळवावा की न कळवावा या चिंतनात घालवले.

तेराव्या दिवशी सकाळी पटकथेची लेखिका अमरावतीला माझ्या दारात उभी राहिली. वर्षाली होले, अंजनगाव सुर्जीची. घरची शेवंती घेऊन ती फुलबाजारात आली होती, आणि निकालाची घडी तिने फुलांच्या ओल्या कापडात गुंडाळून आणली होती.

“मॅडम, हे अकरा कायचे दिले असतील?”

“टंकलेखनाचे.”

“ते तं माह्या भावानं केलं!” ती म्हणाली, आणि रडायचे सोडून हसत सुटली. मग तिने निकालाची घडी माझ्यापुढे सरकवली. “चार वर्षं लागले, मॅडम. दुसरं लिवता येईन. पण हे मेलं तं मेलंच.”

मी पत्रक पुढे ओढले. एखादे असत्य सुबक अक्षरात लिहिलेले असले की माझे रक्त थंड होत जाते. हे विशेष सुबक होते.

पटकथेची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण म्हैसनेंना ती सांगता आलेली नाही. चंदा ही घरातली नवी सून. दारी कोणी आले की आधी पाणी, मग विचारपूस, ही आपल्याकडची रीत. एका दुपारी चार पाहुणे येतात आणि चंदा चुकून पाच गिलास नेते. कोणी काही बोलत नाही. ती ताट उचलायला जाते तेव्हा पाचही गिलास रिकामे असतात. पुढच्या दुपारी तसेच. त्याच्या पुढच्या दुपारीही तसेच. त्रेचाळिसाव्या पानावर ती मुद्दाम, बोटांवर मोजून, चारच गिलास नेते, आणि जिच्यावर कोणीही बसलेले नाही त्या खुर्चीतून मऊ आवाजात विचारणा होते, “अन् मले?”

रात्र नाही, वादळ नाही, करकरणारे दार नाही. भर दुपार, स्टीलची भांडी आणि दोन शब्द. एक घर, सहा नट, दिवसाचा उजेड. याहून कमी खर्चात भीती बनवून देणारा कारखाना कोणा निर्मात्याला माहीत असेल तर त्याने पत्ता कळवावा. बाजारमूल्य म्हणे नगण्य.

“शेवटी सासराच गुन्हेगार निघतो, हे पहिल्याच पानावर कळते,” असे म्हैसने लिहितात. पटकथेत सासरा अठ्ठावन्नाव्या पानावर सर्पदंशाने मरतो, पूर्ण निर्दोष. पुढची चोपन्न पाने तो काहीही करण्याच्या स्थितीत नाही. बोली प्रहसनास योग्य, हा आक्षेप तर मी जपून ठेवण्याजोगा मानते. जन्मभर अकोल्यात राहिलेल्या या गृहस्थांच्या मते वऱ्हाडी माणसाने हसावे वऱ्हाडीत आणि घाबरण्यासाठी मात्र पुण्याची भाषा उसनी आणावी.

खरी मौज टिपणांच्या तक्त्यात होती. दर दहा पानांनंतर परीक्षकाने एक शेरा लिहायचा असतो. दहाव्या पानासमोर ‘ठीक’. विसाव्यासमोर ‘ठीक’. तिसाव्यासमोर ‘हे बरे नव्हे’. चाळिसाव्यासमोर अक्षर नाही, पेनाने पाडलेले भोक आहे. पन्नास ते एकशेदहा या सात रकान्यांत एकाच शाईने, एकाच दमात, वरून खाली ‘तसेच’, ‘तसेच’, ‘तसेच’.

“यांनी पुढचे वाचलेलेच नाही,” मी म्हणाले.

“मंग आता?”

“आता अकोला.”

बसमध्ये तिने विचारले, “अन् त्यायनं लिवून देत नाही म्हटलं तं?”

“तर मी त्यांचा ग्रंथ त्यांनाच मोठ्याने वाचून दाखवीन. चारशे पाने.”

मूर्तिजापूर येईपर्यंत ती हसत होती. पुढच्या सीटवरच्या आजोबांनी दोनदा मागे वळून पाहिले आणि तिसऱ्यांदा, काहीही ठाऊक नसताना, तेही हसायला लागले.

मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरातल्या त्या गल्लीत पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. म्हैसनेंच्या अंगणात पंधरा-सोळा बाया गोल करून तुरीच्या शेंगा सोलून सोले काढत बसल्या होत्या. त्यांच्या पत्नी आशाबाई उठल्या, आम्हाला बसायला दिले आणि पाणी आणले. तांब्याने.

“वरूनच प्या, मॅडम. आमच्या घरी गिलास बंद हायेत. तीन आठवडे झाले, ह्यायनं सारे माळ्यावर टाकून देले.”

“स्टील तब्येतीले चांगलं नसते,” आतून खुशालराव म्हणाले. ते बाहेर आले, मला पाहून थबकले, माझ्याशेजारच्या मुलीला पाहून गोंधळले. मी ओळख करून दिली. “या वर्षाली होले. ‘पाचवा गिलास’च्या लेखिका.”

शेंगांचा आवाज बंद पडला.

“बाप्पा!” शेजारच्या पार्वताबाई पदरातले सोले सांडत उठल्या. “तूच का वं ते? काय झालं त्या चंदाचं? खुर्चीत कोन हाय?”

एकदम सोळा तोंडे उघडली. त्या गदारोळातून जे हाती लागले ते असे: तीन आठवड्यांपूर्वी, भर दुपारी, खुशालराव याच अंगणातल्या आरामखुर्चीत वाचत बसले होते. अचानक ते उठून आत पळाले आणि त्यांनी कडी लावली. त्रेचाळीस पाने खुर्चीखाली पडली होती. उरलेली त्यांनी कपाटात कोंडली आणि किल्ली कमरेला लावली. खालची पाने आशाबाईंनी उचलली. दुसऱ्या दिवशी शेंगा सोलता सोलता त्यांनी ती चार बायांना वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी बाया आठ झाल्या. मग दोन गल्ल्या पलीकडून येऊ लागल्या, त्यांतल्या काही तर स्वतःच्या शेंगा घेऊन.

“आठदा ऐकलं म्या,” एक म्हातारी म्हणाली. “अन् दरवेळी त्या पानावर येऊन अडते! काहून असं करता तुमी लोकं?”

गोपनीयतेच्या नियमाचा हा भंग होता. परीक्षक या नात्याने मी त्याचा निषेध नोंदवायला हवा होता. मी तुरीच्या मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला बसले.

वर्षालीने त्या सगळ्यांकडे पाहिले. बाजारात गिऱ्हाईक कधी थांबते आणि कधी निघून जाते हे ती लहानपणापासून शिकलेली. ती शांतपणे म्हणाली, “सांगतो नं मावशी, सारं सांगतो. पुढचं मॅडमच्या थैलीतच हाय. पण साहेबायनं लेखी देलं हाय का यात भेव नाही. ज्याच्यात भेवच नाही ते तुमाले कायले ऐकवू? तुमचा टाइम खराब होईन.”

सोळा डोकी खुशालरावांकडे वळली.

“भेव नाही?” पार्वताबाई. “भाऊजी, माह्या घरी तुमी चहा पेले तं कप मोजून राह्यले होते!”

“सहज मोजले.”

“दोनदा?”

“मी घाबरलो नव्हतो,” खुशालराव माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले. “रागिणीबाई, आपण विद्वान आहात. मराठी संहितेतून भय ही अनुभूती उत्पन्नच होऊ शकत नाही, हे मी सप्रमाण सिद्ध केलेले आहे.”

“मान्य,” मी म्हणाले. थैलीतून चव्वेचाळिसावे पान काढले आणि त्यांच्यासमोरच्या स्टुलावर पालथे ठेवले. “मग एवढे मोठ्याने वाचा. एकच पान आहे. दुपार आहे. सोबतीला सोळा बायका आहेत.”

त्यांनी हात पुढे केला. बोट कागदाच्या कडेला लागले आणि तिथेच राहिले. कोणीतरी खुदकन हसले. आशाबाईंनी मात्र पदराने तोंड दाबून घेतले होते. संसाराची चाळीस वर्षे त्या डोळ्यांत अशी नाचत होती की मला दुसरीकडे पाहावे लागले.

“पलटवा नं,” त्या म्हणाल्या. “कागदच तं हाय.”

खुशालरावांनी हात मागे घेतला. मग कोणाकडेही न पाहता विचारले, “पेन कोणाजवळ आहे?”

पेन निघाले पाच. त्यांतले एक घेऊन खुशालराव आत गेले आणि त्यांनी दार लावले. बाहेर वर्षालीने ते पान उलटले आणि वाचायला सुरुवात केली. सहाव्या ओळीला पार्वताबाई किंचाळल्या. दहाव्या ओळीला सगळ्याच किंचाळल्या. टोपले लवंडले, सोले अंगणभर पसरले, एक बाई दुसरीच्या मांडीवर जाऊन बसली, आणि त्या किंकाळ्यांसरशी दाराआडून एक पुरुषी किंकाळी उमटली ती अस्सल वऱ्हाडीत. मी इतकी हसले की चष्मा काढून पुसावा लागला. भरसभेत पुराव्यानिशी खोडलेली किती तरी मते मला आठवतात. त्यांतले एकही असे ओरडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मुदतीच्या आत मंडळाने तो कागद दाखल करून घेतला, म्हैसनेंचे अकरा गुण रद्द केले आणि नियमाप्रमाणे उरलेल्या परीक्षकाचे एक्याण्णव कायम धरले. निर्मितीसाठी ‘पाचवा गिलास’ची शिफारस झाली. कागदाची प्रत माझ्यापाशी आहे. शुद्धलेखनासह शब्दशः देते:

“मी खुशालराव म्हैसने, राहणार जुने शहर, अकोला, याद्वारे लिहून देतो की सदर पटकथेची फक्त त्रेचाळीस पाने मी वाचली. वेळ दुपारची होती. ऊन होते. घरात माणसे होती. पुढचे पान मला उलटता आले नाही. उरलेला अभिप्राय मी न वाचता लिहिला. बाहेर बाया ओरडून राहिल्या म्हणून मी आता सरळ लिवतो. भेव लागलं. मले. आयुष्यभर लोकायले सांगत आलो का आपल्या भाषेत भेव लिवताच येत नाही, अन् या पोरीनं माह्याच घरच्या भाषेत लिवलं. शून्य काहून देलं, तं खरं लिवलं असतं तर मंडळानं इचारलं असतं का पुढं काय झालं. अन् ते मले मालूम करून घ्याचं नवतं. अजूनबी नाही.”