दोन गॅलनात जालना

माझ्यासारखा हिशेबी माणूस भोकरदनात दुसरा नाही, असं मी स्वतःच सांगत फिरायचो. लोक पाठीमागे चिक्कू म्हणायचे. लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळायचं, आणि भोकरदन ते जालना भाड्याने धावणारी माझी मोटार पंधरा वर्षांची म्हातारी झाली होती. अशा दिवसांत चिक्कूपणा हा गुणच, असं मला मनापासून वाटायचं.

त्या माघात मोटारीचं इंजिन बसलं. जालन्याला ख्वाजामियाँ मिस्त्रीकडे दोन जुनी इंजिनं होती. एक लॉरीतून काढलेलं, सहा सिलिंडरचं, दांडगं. ते गॅलनला बारा मैल द्यायचं. दुसरं माझ्याच मोटारीच्या जातीचं, चार सिलिंडरचं. ते वीस मैल देईल असा त्याचा अंदाज. मी लगेच लहानावर हात ठेवला. ख्वाजामियाँला ते पसंत पडलं नाही. मोठ्या इंजिनाला पंप होता, टाकीतलं पेट्रोल तो ओढून घ्यायचा. लहानाला पंप नव्हता. सीटखालच्या टाकीतून आपल्या वजनाने उतरेल तेवढंच पेट्रोल त्याला मिळणार.

"देख धर्मराज," तो म्हणाला, "हे कम पिते, बराबर हाय. पर चढावर मोटारीचं तोंड वर जाते अन् टाकी खाली राह्यते. टाकी भरेल ठेवली तर ठीक. न्हाई तर पोटात पेट्रोल असून उपाशी मरंल."

मला वाटलं, न खपणारं इंजिन हा माझ्या गळ्यात मारतोय. लहानच मोटारीत बसव, मी बाटली लावून बघतो, म्हटलं. टाकी बंद करायची, पेट्रोलची बाटली वर टांगून तिची नळी इंजिनाला जोडायची आणि ती संपेपर्यंत मोटार चालवून मैल मोजायचे. सगळे मोटारवाले असंच करायचे. स्टेशनकडच्या सपाट रस्त्यावर, मोटारीत मी एकटा. एकवीस मैलांचा हिशेब निघाला. भोकरदनहून जालना सदतीस मैल. म्हणजे दोन गॅलनात जालना, वर थोडं शिल्लक. महिनाभर मी हे दिसेल त्याला ऐकवत होतो.

माझी बहीण झुंबरबाई तीन वर्षांपासून माहेरी होती. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला नेसत्या लुगड्यानिशी घालवून दिलं. घरी बसून तिने अभ्यास केला, मुलींच्या शाळेत मास्तरीण व्हायचं म्हणून अर्ज टाकला. त्याची परीक्षा जालन्याला होती, सकाळी दहा वाजता. घंटा झाली की दार बंद. तेवढ्यात सासरच्यांना तिची आठवण झाली; दुसरीचं बाळंतपण करायला त्यांना घरचं माणूस पाहिजे होतं. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाडून देतो, असा शब्द मी त्यांना देऊन बसलो होतो. जागा मिळाली तर शब्द मोडीन, नाही मिळाली तर तिने मुकाट जायचं, असं आमचं ठरलं. तिचं सगळं आयुष्य त्या एका सकाळवर येऊन ठेपलं होतं.

आदल्या दिवशीच जाऊ, असं ती दोनदा म्हणाली. आदल्या दिवशी बाजार होता, भाडं बुडलं असतं. मग थोडं पेट्रोल जास्त घे, म्हणाली. जास्त पेट्रोल नाही, असं मी तोंडावर सांगितलं.

पेट्रोल होतं. मोटारीच्या दाराखालच्या पायफळीवरच्या पेटीत, गोणपाटाखाली, दोन गॅलनचा भरलेला डबा होता. पण तो काकासाहेबांचा. काकासाहेब भोकरदनचे बडे जमीनदार, माझा मोटारीचा परवाना त्यांच्या शिफारशीवर चालायचा. परीक्षेच्याच दिवशी संध्याकाळी त्यांना जालन्याहून गावी आणायचं होतं, म्हणून आपल्या कुपनाचं पेट्रोल त्यांनी माझ्या हवाली केलं होतं. त्या काळी ज्याचं कुपन त्याचा डबा, अशी आमची रीत. एकाचं पेट्रोल दुसऱ्याच्या खेपेला ओतणं म्हणजे अमानतीत खयानत, ठेवीचा विश्वासघात. ही रीत मी अगदी सोवळ्यासारखी पाळायचो.

पहाटे साडेपाचला दोन गॅलन मोजून टाकीत घातले आणि निघालो. ओझं नको म्हणून दुसरा उतारूही घेतला नाही. राजूरच्या अलीकडे एक खडी चढण होती. सव्वासातला तिथे पोचलो. अर्धी चढण चढून मोटार खोकली आणि बंद पडली. हँडल मारलं, चार हात पुढे गेली, पुन्हा बंद. टाकीत काठी घालून पाहिली तर गॅलनभर पेट्रोल होतं. ख्वाजामियाँचा शब्द न् शब्द खरा निघाला होता, आणि माझा सगळा राग त्याच्यावरच निघत होता.

झुंबर खाली उतरली. वही छातीशी धरून सूर्याकडे बघत उभी राहिली.

पेटी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. डबा ओतायला किती वेळ लागला असता? पण काकासाहेबांना काय सांगू, हे एक. आणि ती पेटी उघडली तर पेट्रोल नाही म्हणालो ते खोटं, इंजिन निवडलं ते चूक, दोन गॅलनात जालना ही बढाई, सगळंच उघडं पडणार होतं. मी दुसरी युक्ती काढली. मोटार उलटी फिरवून मागे मागे चढवायची. मग टाकी वर येते आणि इंजिन खाली. पंप नसलेल्या मोटारी असंच करतात, हे मी ऐकून होतो.

पायथ्याशी उतरून मोटार फिरवली. ब्रेक जुने, भरवशाचे नव्हते. म्हणून झुंबरने मोटारीच्या तोंडापुढे, उताराच्या बाजूला, दगड घेऊन चालायचं आणि मोटार थांबली की पुढच्या चाकाखाली दगड द्यायचा, असं मी सांगितलं. वही सीटवर ठेवून तिने दगड उचलला. मान मागे वळवून मी मोटार हाकत होतो. पुढे ती होती आणि मला दिसत नव्हती. दोनदा मोटार थांबली, दोनदा तिने चाक अडवलं. तिसऱ्यांदा पाणी उकळून वाफ उसळली, इंजिन गुदमरलं, मी ब्रेकवर उभा राहिलो तरी मोटार खाली घसरली.

मी ओरडलो, "सोड, झुंबर, बाजूला हो."

ती बाजूला झाली नाही. मोटार खाली गेली असती तर तिची परीक्षा गेली असती, एवढंच तिला दिसत होतं. मोटार थांबली. मी धावत पुढे गेलो. दगड चाकाखाली होता आणि तिच्या उजव्या हाताची दोन बोटं दगडाखाली होती. खांदा लावून मी मोटार वीतभर मागे रेटली, तिने हात ओढून घेतला. पहिल्या बोटाचं नख गेलं होतं, मधलं वाकडं झालं होतं.

मग मी पेटी उघडली. डबा काढला आणि सगळा टाकीत रिकामा केला. ती बघत होती.

"हे होतं?" तिने विचारलं.

"काकासाहेबाचं हाय," मी म्हणालो. त्या घडीलाही माझ्या तोंडातून हेच निघालं.

तिने दाताने पदराची पट्टी फाडली आणि बोटांना गुंडाळली. मी खाली जाऊन मोटार सरळ केली. भरल्या टाकीवर ती चढण मोटारीने एकदाही न खोकता पार केली. तासाभराहून जास्त वेळ आम्ही तिथे घालवला होता. पुढचे अठरा मैल मी कसे हाकले ते मला आठवत नाही. दर मैलाला ती किती वाजले विचारायची आणि मी पाच मिनिटं कमी करून सांगायचो.

दहाला चार मिनिटं असताना दारात पोचलो. टाक तिच्या बोटांत ठरेना. "बांध," म्हणाली. मी टाक तिच्या अंगठ्याशी आणि धड बोटांशी पट्टीने आवळून बांधला. ती आत गेली, घंटा झाली, दार लागलं.

तीन तासांनी ती बाहेर आली. पट्टी शाईने आणि रक्ताने भिजली होती. पेपर कसा गेला विचारलं तर लिहिलं, म्हणाली. दवाखान्यात बोटं बांधून घेतली. संध्याकाळी काकासाहेब आले, मागच्या सीटवर बसले आणि रात्री आपल्या घरी उतरले. वाटेत पेट्रोल कमी पडलं नाही. कसं पडणार? डब्यातलं टाकीत गेलं म्हणून ते कुठे नाहीसं झालं नव्हतं. पहाटेच ओतलं असतं तरी काकासाहेबांना तेवढंच उरलं असतं. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला एवढी साधी बेरीज परतीच्या वाटेवर सुचली.

झुंबर पास झाली, कुंभार पिंपळगावला तिला जागा मिळाली, हे सगळं पुढचं. त्या रात्री काकासाहेबांना सोडून आम्ही दारात आलो तेव्हा मी तिला म्हणालो, माझं चुकलं. बोटाला हळद लावून देतो म्हणालो. ती मोटारीतून उतरली. एका हाताने वही घेतली.

"पेट्रोल खरंच नसतं ना दादा," ती म्हणाली, "तर ह्या बोटाचं मला काईच वाटलं नसतं."

ती घरात गेली.