रविवारचं पाणी

बन्सीच्या गाडीचं कौतुक अख्ख्या मुकुंदवाडीला होतं. भंगारातली मारुती व्हॅन त्यानं दारातच विजेवर आणली. लोक म्हणायचे, काय डोकं! त्याच्या बायकोला, विशाखाला, त्या गाडीनं काय दिलं? भोकं. शिशाच्या आठ बॅटऱ्या, एकेकीला सहा बुचं, आणि दर रविवारी त्यांना पाणी पाजायचं काम तिचं. आठवड्याची एकच सुट्टी, तीही कंबर मोडून काढायची. एकाही साडीचा पदर धड नव्हता. ॲसिडनं चाळण करून टाकली होती.

एवढं करून स्टिअरिंगला हात लावायची सोय नाही. लायसन होतं, चालवता येत होतं. पण बन्सीचं ठरलेलं उत्तर, "औरंगपुऱ्याला जाऊन येईस्तोवर हिचा दम निघतो. तुझ्या कंपनीचं बजाजनगर कुठं झेपतंय? लिथियमची हलकी बॅटरी बसू दे, मग तूच ने कंपनीत." त्या एका शब्दावर विशाखा रिक्षा बदलत, धक्के खात कामावर जात राहिली, आणि पाणी घालत राहिली.

लिथियम बसलं. चार्जरही नवा आला. शिसं उतरलं तशी गाडी मागून वीतभर वर आली. विशाखानं चावी मागितली.

"आत्ताच नको. लई नाजूक असतंय हे. तुला नाय जमायचं."

नाजूक! ॲसिड पुसताना तिची कातडी नाजूक नव्हती काय?

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन निघाली, तेवढ्यात मोबाईलवर व्हिडिओ करणारा अभय दारात हजर.

"जयभीम दादा! आधी पाण्याची लई कटकट असंल ना?"

"व्हय. दर रविवारी मी स्वतः घालायचो," बन्सी कॅमेऱ्याकडं बघून बोलला. जीभ जरासुद्धा अडखळली नाही. "आता काय नाय. बजाजनगरला जाऊन येऊन अर्धी बॅटरी उरती. इतकी साधी, की कुणीबी चालवावी."

विशाखा सरळ कॅमेऱ्यापुढं येऊन उभी राहिली. "कुणीबी? मग आणा चावी."

"अगं, शूटिंग चालूय..."

"चालू राहू द्या. अभय, बंद करू नको." तिनं पदर पसरला. "हे बघ. पाणी ह्यांनी घातलं आन् भोकं माझ्या पदराला पडली. चमत्कारच की!"

अभय मान खाली घालून हसायला लागला. बन्सीनं चावी काढून दिली.

पहिल्याच गतिरोधकावर गाडी बेडकासारखी उडाली. तिचा डबा सीटवरून खाली गेला. फोन वाजला तशी तिनं गाडी कडेला घेतली.

"हळू ने!" बन्सी ओरडत होता. "शिशाच्या वजनासाठी स्प्रिंगचे जाड पाटे टाकलेत मागं, बदलायचे राहिलेत!"

"मग रविवारी बदला," विशाखा म्हणाली. "तुम्ही स्वतः."

आणि फोन ठेवून ती बजाजनगरच्या रस्त्याला लागली.