शीतलची पाठ उत्तरं

बन्सीलाल कापड कारखान्यात लूमवरच छातीत कळ येऊन गेला, त्याला आता चार महिने झाले होते. नवागामची खोली त्यानं मुलीच्या नावावर केली होती, आपल्यामागे तिला कुणी बाहेर काढू नये म्हणून. शीतल तेवीस वर्षांची, पण समज पाच वर्षांच्या पोरीची. तिला कोंडून कामावर जाणं तिच्या आईला, कलाबाईला, जमेना. खोली विकून दोघींनी बारडोलीला, कलाबाईच्या बहिणीकडे राहायला जायचं ठरलं. पण नोंदणी कचेरीतल्या कारकुनानं कागद परत केले.

"या बेनची सही चालणार नाही. कोर्टातून पालक नेमून आणा."

"मी आईच आहे ना तिची."

"अठरा वर्षं उलटली की आईलाही कागद लागतो, मासी."

वकिलानं अर्ज केला, सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला जोडला. तारखांवर तारखा पडल्या. कलाबाई जायची, बाकावर बसायची, पुकारा झाला की उठायची. नवरा गेल्यापासून तिला ना रडू आलं होतं, ना कुणाचा राग.

सहाव्या तारखेला जज्जसाहेबांनी शीतलला पुढे बोलावून हिंदीत नाव विचारलं.

"शीतल बन्सीलाल बाविस्कर."

"राहतेस कुठे?"

"नवागाम, गल्ली नंबर चार, हनुमान मंदिराच्या मागे."

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं. "ही तर सगळं नीट सांगते. मग पालक कशाला?"

शीतल एकदा सचिन गावच्या बाजारात हरवली होती. तेव्हापासून कलाबाईनं ही उत्तरं रोज तिच्याकडून घोकून घेतली होती. एरवी लेकीचं बोलणं ऐकून तिची छाती फुलली असती. आज ती नुसती फरशीकडे बघत राहिली. वकील कागद चाळू लागला, तशी तीच म्हणाली, "साहेब, हे मी पाठ करून घेतलंय. बाप कुठे आहे, ते विचारा."

साहेबांनी विचारलं.

"बा लूमवर ग्यात," शीतल हसली. "सांजले येतीन."

"त्यांना घरी आणल्यावर तोंडात शेवटचं पाणी हिच्याच हातानं घातलं होतं," कलाबाई एका सुरात म्हणाली.

साहेब बराच वेळ मान खाली घालून लिहीत राहिले.

कोर्टाच्या जिन्यात शीतलनं आईचा पदर ओढला. "माय, मी बराबर सांगं ना?"

"बराबर सांगं."

चारचौघांत आपणच लेकीला वेडी ठरवलं, हे कलाबाईला कळत होतं. पण कुठं काही टोचत नव्हतं.

महिन्याभरानं हुकूम हातात पडला. कलाबाई मुलीची पालक झाली, खोली विकायची परवानगीही मिळाली. नोंदणी कचेरीत त्याच कारकुनानं या वेळी खुर्ची पुढे सरकवली, बोट ठेवून जागा दाखवल्या. कलाबाईनं सावकाश, अक्षर जुळवत सह्या केल्या. शेवटची झाली तसा शीतलनं पेनासाठी हात पुढे केला.

"हिची गरज नाही," म्हणत कारकुनानं कागद ओढून घेतले.

शीतलचा हात तसाच टेबलावर राहिला. कलाबाईनं तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला, आणि बारडोलीची गाडी किती वाजता आहे, ते कारकुनाला विचारलं.