कॅरिअरवरची थरथर

माझी घंटी केव्हाच बिघडली, म्हणून हे तोंडानेच सांगते. मी इंद्रभानची सायकल. रिसोडच्या मिश्रीलाल शेठजींनी मला विकलं आणि मी मालेगावजवळच्या एका खेड्यात आले. इंद्रभान मालेगावला, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कामाला. जाताना तो आठवीतल्या लेकीला, भागिरथाला, माझ्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी माझ्या लक्षात आलं. रस्ता सपाट असायचा, पण शाळा जवळ आली की कॅरिअर थरथरायचं. भागिरथाचं पोट दुखायचं. कधी उतरून कडेला ओकायची. घरी परत नेलं की तासाभरात बरी.

"नाटकं करून राह्यली पोरगी," शेजारची भुरीबाई म्हणायची. आईनं, गंगूनं, ओवा दिला, दृष्ट काढली. फरक पडेना.

एका सकाळी इंद्रभान चिडला. लेकीला उचलून कॅरिअरवर बसवलं आणि थेट शाळेच्या फाटकाशी नेलं. तिनं माझ्या सीटखालची स्प्रिंग घट्ट धरली. ओठ पांढरे पडले, श्वास पुरेना.

"बा, मी मरून राह्यली!"

त्याचा राग तिथंच गळाला. तसाच तो डॉक्टर कांतीलाल यांच्या दवाखान्यात गेला. मला ओसरीत टेकवलं. तिथंच बाकावर निजवून डॉक्टरांनी तिला तपासलं. मग तिच्याशेजारी बसले.

"रविवारी दुखते काय?"

"नाही."

"शाळेत काय होते, बेटा?"

ती आधी बाकाची कड नखानं कोरत बसली. मग म्हणाली, "बाई वाचाले उभं करतीन. माहा आवाज निंगनार नाही. सारे हासतीन."

"असं झालं काय कधी?"

"नाही झालं. पण होईन."

डॉक्टर इंद्रभानकडे वळले. "पोरगी खोटं बोलत नाही. भेव मनात हाये, दुखते पोटात. हा आजारच हाये."

"मंग औषध द्या ना, डॉक्टरसाहेब."

"तुमीच औषध. शाळा सोडू नका, पण ओढूबी नका. फाटकाशी थांबा. भेव चढते, तसं उतरतेबी. उतरलं की थोडं पुढं जा. अन् बाईंच्या कानावर घाला."

मग आम्ही फाटकाशी थांबू लागलो. ती हळूहळू श्वास सोडायची, इंद्रभान माझं हॅन्डल धरून उभा राहायचा. काही दिवसांनी ती शाळेच्या ओसरीपर्यंत गेली, मग वर्गात. इंद्रभाननं कानावर घातल्यावर तिच्या वर्गाच्या रुपाबाई तिला मधल्या सुट्टीत एकटीला वाचायला लावायच्या, पुढे एका मैत्रिणीसमोर. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळं पुन्हा पहिल्यावर आलं. ती फाटकाशी रडू लागली.

"मलेबी भेव वाट्टे," इंद्रभान तिला म्हणाला. "नव्या मुकादमासमोर माह्ये हात कापते. कोनाले सांगतलं नाही."

ती पहिल्यांदा बापाकडे नीट बघत राहिली. मग उतरली.

उन्हं तापू लागली होती, तेव्हाची गोष्ट. इंद्रभाननं मला वर्गाच्या खिडकीखाली लावलं होतं. आत भागिरथा वाचत होती. आवाज कापला, अडला. कुणीतरी खुदकन हसलं. माझ्या चाकातली हवाच गेल्यासारखं झालं मला. आणि मग तोच आवाज पुढच्या ओळीवर गेला.

आता मी गंजले आहे. भागिरथा मॅट्रिकला गेली, मला चालवते ती स्वतः. परीक्षेच्या दिवसांत अजून तिच्या तळव्यांना घाम येतो. आम्ही कडेला थांबतो, मग निघतो. आईबापहो, तुमचं लेकरू रोज एकाच वेळी आजारी पडत असेल, तर त्याला ढोंगी म्हणू नका. शेजारी बसा आणि विचारा. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढं थांबा.