लोण्यासारखा मऊ भाता

मित्रांनो, मी एक जुने पायमशीन आहे. शिवणाचे नव्हे, दवाखान्यातले. नुकत्याच जन्मलेल्या लेकराच्या नाकातोंडात पाणी आणि चिकटा अडकला, की तो ओढून काढायचा आणि त्याच्या पहिल्या श्वासाला वाट करून द्यायची, एवढेच माझे काम. एक लोखंडी पायपट्टी, तिच्याखाली लोहाराच्या भात्यासारखा पण रबरी भाता, एक काचेची बाटली आणि एक नळी. पट्टी पायाने दाबा आणि सोडा, मी ओढते. मला वीज लागत नाही.

१९९३ साली औरंगाबादेतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तयार झाले. दहाबारा कामगारांचा तो छोटा कारखाना. माझे लोखंड, काच, रबर सारे याच देशातले. जवळा बाजार या गावाहून पोटासाठी तिकडे गेलेल्या फकीर नावाच्या कारागिराने माझा भाता बसवला. नळी पाण्याच्या पेल्यात धरून त्याने पट्टी दाबली. पाणी सरसर वर चढले तसा तो हसला.

"बाहेरदेशीचं मशीन बिघडलं की पडून राहतंय," तो म्हणाला. "हे बिघडलं तर आमच्या जवळ्याचा सायकलवालाबी खोलून बराबर करील."

मग मालकांनी माझ्या पेटीत एक कागद ठेवला. मला कसे वापरावे आणि कसे जपावे, ते त्यावर लिहिले होते. सगळे इंग्रजीत.

"साहेब, मराठीत काहून न्हाई?" फकीरने विचारले.

"इंग्रजी कागद असला की माल भारी वाटतो. आपल्या मालाकडं तसंही लोक नाक मुरडून बघतात."

 फकीरने पेटीला खिळे ठोकले.

डोंगरकडा गावापासून थोडे आत असलेल्या एका गावच्या दवाखान्यात ती पेटी जनकाबाईंनी उघडली. त्या तिथल्या आया. त्यांना सगळे मावशी म्हणत. पन्नाशीला टेकल्यावर साक्षरतेच्या वर्गात त्या अक्षरे शिकल्या होत्या, आणि तेव्हापासून औषधाच्या खोक्यापासून एसटीच्या पाटीपर्यंत दिसेल ते मोठ्याने वाचत. माझा कागद त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"ह्यो आपल्या अक्षराचा न्हाई," असे म्हणून त्यांनी तो घडी करून परत पेटीच्या तळाशी ठेवला.

तिथल्या गौसिया सिस्टरांना इंग्रजी येत होते. सवडीने वाचू, असे त्या म्हणाल्या. बाहेर बाळंतिणी खोळंबल्या होत्या. ती सवड पुढे कधी आली नाही.

ती माझी चांगली वर्षे होती. सिस्टर नळी धरत आणि मावशी पट्टी दाबत.

"हळू, मावशी."

"हळूच हाये. पाय न्हाई, माझा जीव दाबून राहिला तिथं."

लेकरू रडले, की मावशी माझ्या बाटलीवर हात ठेवून म्हणत, "रडलं बाई." किती लेकरे, ते मी मोजले नाही. त्यांतली काही पाटी घेऊन दवाखान्यावरून शाळेत जाताना मला दिसत.

२००२ साली बाहेरदेशीचे विजेवरचे मशीन आले. पांढरेशुभ्र, बटण दाबले की दिवा लागणारे. त्याला बघायला सरपंचसुद्धा येऊन गेले. मला कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवले. मला वाईट वाटले, पण माझ्याहून जास्त मावशींना वाटले. दर आठवड्याला त्या मला बाहेर काढून पुसत आणि घरून आणलेले करडईचे तेल माझ्या भात्याला चोळत.

"माझा बाप मोटेच्या चामड्याला असंच तेल पाजायचा. न्हाई पाजलं की चामडं तडकायचं."

सिस्टर हसत. "आता त्याला बाळंतिणीसारखं न्हाऊ घाला, मावशी."

"घालीन की. तुमच्या त्या गोऱ्या पाव्हण्याला मातर म्या हात लावणार न्हाई. हे बघा, कसं लोण्यावाणी मऊ झालंय."

मित्रांनो, मी मऊ होत नव्हते, कुजत होते. तेल रबराला खाते. हे त्या कागदावर सातव्या ओळीत लिहिले होते. मला ते ठाऊक होते आणि मावशींना सांगता येत नव्हते. लेकरांची तोंडे मोकळी करणाऱ्या मला स्वतःचे तोंड नव्हते.

२००५ च्या मे महिन्यात मावशींची सून सपना बाळंत व्हायची होती. तिची आई तिला माहेरी न्यायला आली, तेव्हा मावशींनी विहिणीला एकटीलाच परत पाठवले. "इथं सिस्टर हायती. लाईट गेली तरी माझं पायमशीन हाये."

त्या दिवशी सकाळीच लाईट गेली. तेव्हा ती अशीच जायची आणि दुपार टळल्यावर यायची. भर दुपारी लेकरू जन्मले. मुलगा होता. पोटातच घाण पाणी प्यालेला, निळसर, रडत नव्हता. सिस्टरांनी नव्या मशीनचे बटण दोनदा दाबले. दिवा लागला नाही. तोवर मावशींनी मला कपाटातून ओढून काढले होते. सिस्टरांनी नळी धरली आणि मावशींनी पट्टीवर पाय दिला.

माझा भाता घडीवर फाटला. फस्स असा आवाज झाला.

मावशी दाबत राहिल्या. प्रत्येक वेळी तोच आवाज. सिस्टरांनी कापडाने तोंड पुसले, पाठ चोळली, स्वतःचा श्वास दिला. मी तिथेच होते, लेकरापासून हातभर अंतरावर. मला एक थेंबही ओढता आला नाही.

चौथ्या दिवशी मावशी कामावर आल्या. सिस्टर पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर माझा कागद. त्यांनी तो मराठीत वाचून दाखवला. "रबरी भात्याला कोणतेही तेल लावू नये."

"पुन्यांदा वाचा," मावशी म्हणाल्या.

सिस्टरांनी पुन्हा वाचले.

"म्हंजे म्याच..."

"न्हाई, मावशी. तुम्हाला हे वाचता येत नव्हतं. मला येत होतं. अकरा-बारा वर्षं हा कागद इथंच होता."

मग मावशींनी त्याच पायरीवर बसून कारखान्याला पत्र लिहिले. आयुष्यातले पहिले पत्र. एकेक अक्षर तोंडाने म्हणत त्या लिहीत होत्या, म्हणून मला ते पाठ आहे.

"मशीन चांगलं हाये. त्यानं लई लेकरं रडवली. माझा नातू गेला त्यात मशीनची चूक न्हाई. पन कागद मराठीत लिवा. तेलाचं पयलं लिवा, मोठ्या अक्षरात."

पत्ता सिस्टरांनी घातला. महिन्याभराने पत्र तसेच परत आले. पाकिटावर पोस्टमनने लाल शाईने लिहिले होते, 'कारखाना बंद'. आपल्या मशीनला कोणी विचारीना, म्हणून मालकांनी शेडला कुलूप लावले, असे पुढे कानावर आले. फकीरचे काय झाले, ते मला कळले नाही.

नोकरीतून सुटताना मावशींनी ते पाकीट माझ्या पेटीत, त्या इंग्रजी कागदावर ठेवले. माझ्या फाटक्या भात्यावरून एकदा हात फिरवला. या वेळी हाताला तेल नव्हते.

मित्रांनो, तुमच्यातले कोणी उद्या याच देशात यंत्रे बनवील. ती चांगलीच बनवाल. फकीरनेही मला चांगलेच बनवले होते. पण यंत्र ज्या हातात जाणार, त्या हाताशी त्याच्या भाषेत बोला. आणि ज्यांना वाचता येते, त्यांनी वाचायचे उद्यावर टाकू नये. मावशींचे पत्र अजून कोणी फोडलेले नाही. ते तुमच्याच नावे आले आहे असे समजा, आणि उघडा.