काकांची कवळी

आमचे काका जातपात मानत नाहीत. तसं ते स्वतःच सांगतात आणि लगेच समोरच्याला आडनाव विचारतात. आईवडिलांमागे त्यांनीच मला वाढवलं, म्हणून त्यांच्या होकाराशिवाय मला लग्न करायचं नव्हतं. होकार काही निघेना. मुलगा हलक्या जातीचा आहे, असं काका कधी म्हणाले नाहीत. "ते लोक वेगळे गं," म्हणायचे आणि उगाच आवाज खाली आणायचे.

मुलगा म्हणजे आमच्या दवाखान्यातला कवळ्या करणारा. मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पेशंटची नावं लिहून घेते, तो मागच्या खोलीत मेणात एकेक दात बसवतो. त्याला कुणी बघत नाही; शाबासकी डॉक्टरीणबाईंना. काकांची कवळीही त्यानेच केलेली. ती लावून काका दोन महिने नातेवाइकांत कारण नसताना हसत होते.

एकदा जेवताना ते म्हणाले, "त्यांच्या हातचं आपल्याला चालेल का, तूच सांग."

माझं डोकं फिरलं. "दोन महिने तोंडात चाललंय की!" म्हटलं आणि सगळं सांगून टाकलं.

काकांची दातखीळच बसली. कवळी काढून वाटीत ठेवली. तीन दिवस नुसतं पातळ गिळत होते आणि काकू गालातल्या गालात हसत वाढत होती. चौथ्या दिवशी भूक जिंकली. पण शुद्ध करून घ्यायची म्हणून काकांनी कवळी पातेल्यात टाकून चांगली खळखळ उकळली. ती शुद्ध झाली की नाही देव जाणे, वाकडी मात्र झाली.

आले दवाखान्यात. डॉक्टरीणबाईही वस्ताद. "नवं माप तूच घे," म्हणून त्यालाच पुढे केलं.

खुर्चीत बसल्या बसल्या काकांनी सांगून टाकलं, "लग्नाला माझा नकार आहे."

"आमच्याही घरून नकारच आहे, काका," तो म्हणाला आणि मापाचा साचा त्यांच्या तोंडात बसवला. "आता तीन मिनिटं बोलू नका."

काकांचे डोळे हे एवढे मोठे झाले.

"आई म्हणते, मुलगी गुणाची आहे. पण माझ्या लेकाने केलेली वस्तू जे उकळून घेतात, त्यांच्याशी सोयरीक नको."

साचा निघाल्यावर काका पहिलं वाक्य बोलले ते हे : "नकार? आम्हाला?"

आमच्या घराला कुणी नको म्हणू शकतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मला म्हणाले, "चल."

त्याच्या आईंनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत.

"आम्ही चांगली माणसं आहोत हो," काका बोळक्या तोंडाने म्हणाले. "पोरीचं मन आहे. तुम्ही नाही म्हणू नका."

बाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "घरच्यांशी बोलून कळवते," म्हणाल्या.

काकांचं तोंड एवढंसं झालं. मला हसू येत होतं आणि त्यांचा हात धरावासाही वाटत होता. पण नाही धरला. म्हटलं, उभं राहू दे थोडा वेळ.