सुनेचं हत्यार

जुन्या कंप्युटरवर माझ्या लेकानं, गोरक्षनं, नवी सिस्टिम टाकली आणि कंप्युटर जो बसला तो उठेचना. माझी सून छाया त्याच्यावर लग्नमांडवाची सजावट काढून गिऱ्हाइकांना दाखवायची. दुकानदार म्हणाला, या डब्यात आता दम नाही, लॅपटॉप घ्या.

छायालाही लॅपटॉपच हवा होता. गोरक्ष अडून बसला. "लॅपटॉप आला की ही लोकांच्या घरोघरी फिरणार. चारचौघं काय म्हणतील, आई?"

"मी मखमलाबादहून डोक्यावर फुलांची पाटी घेऊन पेठेत फिरायचे, तेव्हाही म्हणतच होते. तू त्याच फुलांवर शिकलास ना?"

लॅपटॉप आला. खंडेनवमीला आमच्यात विळे-खुरपी धुऊन पूजेला मांडतात. मी त्यांच्या मधोमध लॅपटॉप ठेवला, हळदकुंकू वाहिलं.

गोरक्ष म्हणाला, "हे काय हत्यार आहे?"

"तुझ्या बायकोचं आहे. हात जोड. आणि परवा तिला पंचवटीत गिऱ्हाइकाकडे जायचंय, गाडीवर तूच सोड."

त्यानं पुटपुटत हात जोडले. पुटपुटू दे, सोडायला तोच गेला.